केसपेपरची पिशवी

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत कुणाच्याही घरी कपाटावर एक पिशवी सापडते. साडीच्या दुकानातली, जाड प्लॅस्टिकची. आमच्या आईच्या पिशवीत घडीवर फाटलेले केसपेपर आहेत, एक्स-रेचा पिवळा लिफाफा आहे आणि रेघा पुसत चाललेला एक ईसीजी आहे. दवाखान्याच्या खिडकीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जुना पेपर आणलाय का?’ नसेल तर नवा पेपर निघतो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. गोळी कोणती? ‘ती पांढरी, अर्धी घ्यायची ती.’ एकदा रिपोर्ट घरी राहिला म्हणून आईचं रक्त त्याच तपासणीसाठी महिन्यात दुसऱ्यांदा काढलं गेलं.

ही पिशवी कॉम्प्युटरात घालायची खटपट जगात गरीब दवाखान्यांनीही केली आहे. केनियातल्या मोसोरिओट गावच्या आरोग्य केंद्रात 2001 मध्ये दोन कॉम्प्युटर बसवले आणि वीज गेली तर म्हणून सौर बॅटरी ठेवली. नंतर मोजलं तेव्हा रुग्णाचा दवाखान्यातला वेळ 22 टक्क्यांनी घटला होता, ताटकळणं 38 टक्क्यांनी. त्याच अनुभवातून पुढे ‘ओपनएमआरएस’ ही कुणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली उभी राहिली.

आपल्याकडे तिचं सगळ्यात कामाचं रूप छत्तीसगडात घडलं. बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचं रुग्णालय आहे, दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी उभारलेलं. तिथल्या गर्दीसाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी ‘बाह्मनी’ ही प्रणाली तयार केली. केसपेपरला ओपनएमआरएस, लॅबला दुसरी प्रणाली, औषधांचा साठा आणि बिलाला तिसरी, आणि तिन्हींची एकमेकींशी गाठ मारलेली. लॅबमध्ये हिमोग्लोबिन टाकलं की डॉक्टरांच्या पडद्यावर दिसतं, चिठ्ठी घेऊन कुणाला पळावं लागत नाही. सर्व्हर रुग्णालयातच ठेवता येतो, त्यामुळे नेट गेलं तरी काम थांबत नाही. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की जो नोंद करतो त्यालाच तिचा उपयोग लगेच होतो.

नोंदीचा उपयोग काय, हे ठाण्यात टीबीच्या रुग्णांना विचारा. 2012 पासून ‘निक्षय’ पोर्टलवर टीबीच्या रुग्णांची नोंद होते, प्रत्येकाला क्रमांक मिळतो. 2018 पासून पोषणासाठी महिन्याला 500 रुपये थेट खात्यात येऊ लागले, नोव्हेंबर 2024 पासून 1000. म्हणून नोंद झाली का हे रुग्ण स्वतः विचारतो. गावी गेला तर त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडे पाठवता येते, औषधं मध्येच तुटत नाहीत.

उलट अनुभवही आपलाच आहे. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालणारी प्रणाली 2022 मध्ये कराराच्या घोळात बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिणं आलं. जुन्या नोंदी होत्या, पण पडद्यावर उघडेनात. रुग्णाच्या नोंदी कंत्राटाच्या मुदतीवर अवलंबून ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

आता रुग्णाच्या आरोग्य-नोंदींसाठी 14 आकडी ‘आभा’ क्रमांक आहे. दवाखान्यातला क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन केला की ओपीडीचं टोकन मिळतं, ही सोय खरीच मोठी आहे, तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला तर फारच. पण आतल्या खोलीत डॉक्टर कागदावरच लिहीत असतील, तर त्या क्रमांकामागे काहीच साठत नाही. आणि सिस्टर? त्या दिवसभर लसीकरणाचं, गरोदर मातांचं, औषधांचं रजिस्टर भरतात आणि दुपारी लाइन संपली की तेच आकडे पोर्टलवर चढवतात. सर्व्हर डाऊन असला तर घरी नेऊन, रात्री, मोबाईलवर.

आमच्या भागातल्या केंद्रात कॉम्प्युटर येईल तेव्हा सोबत बॅटरी यावी, एंट्रीला एक माणूस यावा, आणि त्याच दिवशी सिस्टरच्या टेबलावरून निदान दोन रजिस्टरं उचलली जावीत.