बाळं तीच, प्रश्न बदलले

हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीच्या पंगतीत लाखो माणसं बसतात. ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी येते. आईच्या कडेवरचं तान्हं मात्र पुरीकडे नाही, माणसांकडे टकमक बघत असतं. त्याला त्या गर्दीत काय कळतं? साठ वर्षांत या प्रश्नाची उत्तरं बरीच फिरली.

1961 च्या सुमारास रॉबर्ट फँट्झ यांनी सोपी युक्ती रूढ केली: बाळाला दोन चित्रं दाखवायची आणि ते कुठल्याकडे जास्त वेळ बघतं ते मोजायचं. चेहऱ्याची ओढ अगदी लवकर असते, हे त्यातून दिसलं. 1977 मध्ये मेल्टझॉफ आणि मूर यांनी सांगितलं, की आपण जीभ काढली तर दोन-तीन आठवड्यांचं बाळही काढतं. गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात 106 बाळं पहिल्या नऊ आठवड्यांत चारदा तपासली, तेव्हा नक्कल सापडलीच नाही. तो वाद अजून चालू आहे.

शरीराचं गणित आणखी अवघड निघालं. व्हर्जिनिया स्लॉटर यांच्या 2002 च्या प्रयोगात डोक्यातून हात फुटलेल्या माणसाचं चित्र होतं. त्यात काही वावगं आहे, हे बाळांना दीड वर्षापर्यंत जाणवलं नाही. पुढे केंटकीत रमेश भट्ट यांच्या गटाने वेगळी चित्रं वापरली, तर साडेतीन महिन्यांच्या बाळांनाही फरक कळला. म्हणजे दोष बाळाच्या समजुतीपेक्षा चित्रात जास्त होता.

चाल तर त्याहून आधी कळते. 2008 मध्ये इटलीत दोन दिवसांच्या बाळांना नुसते हलते ठिपके दाखवले. चालणाऱ्या जिवाच्या ठिपक्यांकडे ती जास्त वेळ बघत राहिली. तो जीव माणूस नव्हता, कोंबडी होती!

स्पर्शाचंही तसंच. रोशा आणि हेस्पोस यांनी 1997 मध्ये दाखवलं, की गालाला दुसऱ्याचं बोट लागलं तर नवजात बाळ तिकडे तोंड वळवतं. स्वतःचा हात लागला तर तितकं नाही.

आपल्याकडे आजी पाय पसरून बाळाला त्यावर पालथं घेते, टाळू भरते, पाठ-पोटऱ्या चोळते, आणि पुढे “नाक कुठंय?” विचारते. वरचे सगळे प्रयोग मात्र परदेशी बाळांवरचे. रोज अर्धा तास तेल चोळून घेणाऱ्या बाळाला स्वतःचं अंग लवकर उमगतं का, हे आपल्या विद्यापीठांच्या बालविकास विभागांनी एकदा मोजून बघावं.