बायोडाटा लग्नाचा आणि सीव्ही नोकरीचा



रविवारी वंदना आटोपली की आमच्या विहारात दोन-चार मुलं-मुली मोबाइल पुढे करतात. "ताई, जरा सीव्ही बघा ना. पन्नास ठिकाणी टाकला, एकही फोन नाही." मी तो उघडते आणि बहुतेक वेळा तेच पान दिसतं. शिक्षण वेगळं, नाव वेगळं, बाकी मजकूर एकच. कारण तो वस्तीच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत अर्ध्या तासात तयार झालेला असतो. कॅफेवाल्याकडे एक जुनी फाइल असते, तो फक्त नाव बदलतो. एका मुलीच्या सीव्हीत शेवटच्या 'डिक्लेरेशन'खाली आधीच्या मुलाचं नाव तसंच राहिलं होतं. ती फाइल तिने तीन महिने पाठवली होती.

या फाइलचा मूळ साचा लग्नाच्या बायोडाटाचा आहे. वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, घर नंबर आणि गल्लीसकट पूर्ण पत्ता. कामाची माहिती येईपर्यंत अर्धं पान संपतं. खासगी कंपनीतल्या माणसासमोर अशा अर्जांचा ढीग असतो, तो एकेका कागदावर काही क्षणच थांबतो. त्या क्षणांत त्याला तुमचं काम दिसायला हवं, जात नव्हे.

हे मी हवेत बोलत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश भरली. मुस्लिम नावाची तर एक तृतीयांश. पात्रता तीच.

आडनाव आपण बदलणार नाही, बदलूही नये. पण न विचारलेला जातीचा रकाना स्वतःहून भरून का द्यायचा? विहारातले एक काका यावर चिडले, "म्हणजे ओळख लपवायची का?" लपवायची नाही, काका. प्रश्नच विचारलेला नाही तिथे उत्तर कशाला? पत्त्यातही शहर आणि उपनगर एवढं पुरतं. सरकारी अर्जाचं मात्र नेमकं उलटं. तिथे प्रवर्ग लिहायलाच हवा आणि नावाचं स्पेलिंग जातीच्या दाखल्यावर, मार्कशीटवर आणि अर्जात एकसारखं हवं. दोन्हीकडे एकच कागद पाठवण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते.

दुसरी गोष्ट मधल्या वर्षांची. पदवी झाली, मग तीन-चार वर्षं एमपीएससीचा अभ्यास, मग सीव्हीत ती वर्षं कोरी. मुलांना वाटतं, अपयश कशाला दाखवायचं. कोरी जागा पाहून समोरचा त्याहून वाईट काहीतरी गृहीत धरतो. सरळ लिहा: या काळात स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पूर्व परीक्षा उत्तीर्ण असाल तर तेही. बार्टीचं प्रशिक्षण घेतलं असेल तर त्याचा उल्लेख करा. अभ्यासिकेत धाकट्यांना गणित शिकवलं असेल तर तो अनुभवच आहे.

इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं. आपली मुलं 'फ्रेशर' लिहून मोकळी होतात. मी विचारते, जयंतीला काय करतोस? "काही नाही ताई, वर्गणीचा हिशोब बघतो." दोन वर्षं पावत्या फाडल्या, जमा-खर्च समितीपुढे ठेवला, मंडपवाल्याशी भाव केला, मिरवणुकीच्या आणि लाऊडस्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात खेटे घातले. यात हिशोब आला, वाटाघाटी आल्या, कागदपत्रं आली. 6 डिसेंबरला दादर चैत्यभूमीवर आरोग्य शिबिराच्या टेबलावर बसून दिवसभर नोंदी करणारी मुलगी हॉस्पिटलच्या रिसेप्शनसाठी अर्ज करते आणि तेच लिहीत नाही! 'समाजसेवेची आवड' हे दोन शब्द लिहून काही कळत नाही. कुठे, किती दिवस, नेमकं कोणतं काम, किती माणसांसोबत, एवढं लिहा. आकडा खरा असू द्या, मुलाखतीत तोच विचारतात.

एका मुलाने हुशारीने पकडलं, "ताई, जात लिहू नको म्हणता, मग जयंती लिहिली तर कळणारच की." बरोबर आहे. मी त्याला दोन पर्याय दिले. 'सार्वजनिक उत्सव समिती, खजिनदार' असंही लिहिता येतं आणि पूर्ण नावानिशीही. रकान्यातल्या जातीतून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही, जयंतीच्या कामातून तुम्ही काय करू शकता ते कळतं, म्हणून मी स्वतः पूर्ण नाव लिहीन. पण घरात कमावणारं दुसरं कुणी नसेल आणि त्याने पहिला पर्याय निवडला, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याने पूर्ण नाव लिहिलं.

बाकीच्या चुका लवकर दुरुस्त होतात. 'किंग', 'रॉयल' असले शब्द असलेला ईमेल बदलून साध्या नावाचा घ्या. फाइलला 'न्यू सीव्ही फायनल 2' असं नाव देऊ नका. दोन रकान्यांचे रंगीत साचे नोकरीच्या पोर्टलवरची सॉफ्टवेअर नीट वाचत नाहीत, साधं एका रकान्याचं पीडीएफ बरं. एमएस-सीआयटी लिहा, पण एक्सेलमध्ये काय येतं तेही लिहा. 'फ्लुएंट इंग्लिश' खरं नसेल तर 'वाचता-लिहिता येतं, बोलण्याचा सराव चालू' असं लिहा.

आणि मोबाइल नंबर तपासा. रिचार्ज संपला की आपण नवीन सिम घेतो, सीव्हीवर जुनाच नंबर राहतो. त्या पन्नास अर्जवाल्या मुलाचं हेच झालं होतं. आता त्याने सीव्हीवर आईचाही नंबर टाकला आहे.