वापरलेल्या अणुइंधनाची घटना : गणित आणि मापन

अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनात कोणते समस्थानिक किती प्रमाणात आहेत, हे प्रत्येक कांडी तपासून ठरविणे अशक्यप्राय होय. म्हणून ते गणकयंत्राकडून वर्तवून घ्यावे लागते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेची ‘ओरिजेन’ ही आज्ञावली याच कामाची. एका साठवणपात्रात इंधनाच्या किती जुड्या ठेवाव्यात, हा प्रश्न या आकड्यांशी निगडित आहे. इंधन कोरेच आहे असे मानून पात्र आखणे सुरक्षित, पण खर्चाचे. झालेल्या दहनाची सवलत घ्यावयाची असेल, तर गणिताची परीक्षा आधी झाली पाहिजे. (‘दहन’ हा शब्द येथे केवळ लाक्षणिक आहे, प्राणवायूचा त्यात काहीही संबंध नाही.)

परीक्षेची रीत वरकरणी सरळ आहे. कांडीचा लहानसा तुकडा कापून तो नायट्रिक आम्लात विरघळवितात आणि द्रव्यमान वर्णपटमापकाने समस्थानिक मोजतात. तथापि युरेनियम-२३८ व प्लुटोनियम-२३८ यांचे द्रव्यमान जवळजवळ एकच. ते रासायनिक रीतीने आधी वेगळे न केल्यास मापनच फसते. रुथेनियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंचे सूक्ष्म कण आम्लात पुरते विरघळत नाहीत. तळाशी उरलेला गाळ तपासला नाही, तर मापन कमी भरते आणि दोष मात्र गणिताच्या माथी येतो. प्लुटोनियम-२४१ चे अर्धायुष्य सुमारे १४ वर्षांचे असून त्यापासून अमेरिसियम-२४१ बनते. तेव्हा मापनाची तारीख ठाऊक नसेल तर या दोहोंची तुलना निरर्थक ठरते.

याहून सूक्ष्म अडचण निराळीच आहे. तुकड्याचे दहन किती झाले, हे बहुधा निओडिमियम-१४८ वरून ठरवितात. कारण तो स्थिर आहे, आणि युरेनियम-२३५ व प्लुटोनियम-२३९ यांच्या भंजनातून तो जवळजवळ सारख्याच प्रमाणात निघतो. गणितातील दहनमानही याच मापनाशी जुळवून घेतले जाते. मग निओडिमियमचा आकडा अचूक आला म्हणून गणित खरे ठरले, असे म्हणणे म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करणे होय. खरी कसोटी प्लुटोनियमसारख्या इतर घटकांवरच लागते.

जपानमधील ताकाहामा-३ या अणुभट्टीतील एका कांडीचे सहा तुकडे या संदर्भात वारंवार अभ्यासले जातात. मधल्या भागात दहनमान टनामागे सुमारे ४७ जिगावॅट-दिवस, तर वरच्या टोकाजवळच्या तुकड्यात अवघे १७.७. टोकाशी न्यूट्रॉन बाहेर निसटतात. उभ्या दिशेचा विचार न करणाऱ्या द्विमितीय गणिताला ते दिसत नाही. त्यामुळे हा तुकडा पुष्कळदा तुलनेतून वगळला जातो. परंतु साठवणपात्रात शृंखलाक्रियेचा धोका जास्त असतो तो कमी जळालेल्या टोकांशीच. गणित जेथे सर्वांत दुबळे, तेथेच त्याच्यावर भार अधिक पडतो. आणि टोकांजवळून घेतलेले नमुने तर मधल्या भागाच्या नमुन्यांपेक्षा फारच थोडे आहेत.