डोंगराचे बोलावणे

जत्रेला जायला आपल्याला कोणी छापील बोलावणे धाडत नाही. देव ठाऊक असतो, वाट ठाऊक असते, आपण निघतो. पण 'आमचे डोंगर बघायला या' असे बोलावणे छापून वाटण्याचा उद्योग आगगाडी व आगबोट कंपन्यांनी केला. त्याला शंभराहून जास्त वर्षे झाली. तो कसा चालला, हे कॅनडातल्या एका कंपनीवरून पाहू.

कॅनडा देश उत्तर अमेरिकेत आहे. मुलूख अफाट, वस्ती विरळ. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे या कंपनीने पश्चिमेच्या समुद्राकडे जाणारे रूळ टाकले. १८८५ साली ते जोडले गेले. पैसा पाण्यासारखा गेला होता. पण गाडीत बसणार कोण? वाटेत रॉकी नावाचे बर्फाचे डोंगर. तिथे ना शेती, ना बाजारपेठ.

व्हॅन हॉर्न हे कंपनीचे कारभारी. त्यांचा हिशेब सरळ होता. डोंगर परदेशी नेऊन विकता येत नाही, तेव्हा गिऱ्हाईकच डोंगरापाशी आणायचं! कंपनीने चित्रकारांना फुकट पास दिले. छायाचित्रे काढवली. मग सचित्र पुस्तिका छापल्या. वाटेत काय दिसते, कुठे उतरावे, कुठे राहावे, सगळे त्यांत असे.

एक गंमत पाहा. डोंगर चढताना जेवणाचा डबा ओढणे इंजिनाला जड जाई. म्हणून वाटेत जेवणघरे बांधली. गाडी थांबे, उतारू जेवत. तिथली शोभा पाहून काही जण मुक्कामच करू लागले. जेवणघरांची हॉटेले झाली.

बॅन्फ या ठिकाणी गरम पाण्याचे झरे होते. आपल्या वज्रेश्वरीला आहेत तसेच. सरकारने १८८७ साली तिथे राखीव उद्यान केले. १८८८ साली कंपनीने मोठे हॉटेल उघडले. १८९१ पासून जपान आणि चीनकडे जाणाऱ्या कंपनीच्या बोटी सुरू झाल्या. म्हणजे तिकीट कंपनीचे, खोली कंपनीची, बोटही कंपनीचीच. बोलावणे कोणाच्या फायद्याचे, ते यावरून कळेल.

मग पुस्तिका खोट्या होत्या का? नाही. डोंगर खरे, झरे खरे. पण खरे सांगणे वेगळे आणि सगळे सांगणे वेगळे.

या रेल्वेचे रूळ टाकायला हजारो चिनी मजूर राबले. सुरुंगाने, दरड कोसळून, आजाराने शेकडो मेले. काम संपले त्याच वर्षी, १८८५ साली, सरकारने नव्याने येणाऱ्या चिनी माणसावर माणशी ५० डॉलर कर बसवला. बॅन्फच्या रानात नाकोडा नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत. उद्यान झाले आणि त्यांची शिकार बंद झाली. पुढे पाहुण्यांच्या करमणुकीसाठी त्यांनाच पोशाख घालून नाचायला बोलावू लागले.

कंपनीच्या एका बोटीचे नाव होते 'एम्प्रेस ऑफ इंडिया', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. पण हिंदुस्थानच्या माणसाला त्या देशात दार बंद होते. १९१४ साली 'कोमागाता मारू' ही जपानी बोट ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकूवर बंदरात गेली. बहुतेक जण पंजाबचे. दोन महिने बोट बंदरात अडकली. फक्त २४ जणांना उतरू दिले, बाकीच्यांना परत धाडले. त्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६ साली आपल्या संसदेत माफी मागितली.

प्रवासाला बोलावणारी पुस्तिका असल्या गोष्टी सांगत बसत नाही. तिला गाडीतली जागा भरायची असते.

आपल्या हातीही रंगीत कागद येतात. कोणी यात्रेला नेतो म्हणतो, कोणी बियाणे देतो, कोणी कर्ज देतो. चित्र बघून हरखायला हरकत नाही. पण आता आपल्याला अक्षर येते. अंगठा उठवण्याआधी किंवा सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात:

हे कोणी छापले?
त्याला आपल्याकडून काय हवे आहे?
यात काय सांगायचे राहिले आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा कागदावरच सापडतात. तिसऱ्याचे उत्तर चार माणसांना विचारून मिळवावे लागते. तेवढी तसदी घ्यावी, असे आम्ही सांगतो.