वर्गात भरलेली सोसायटीची सभा

‘अभिरूप उपक्रम (सिम्युलेशन) म्हणजे नाटुकलंच की!’ भाषेच्या शिक्षकांकडून हे हमखास ऐकू येतं आणि घोळ इथूनच सुरू होतो. नाटुकल्यात संवाद ठरलेले असतात. अभिरूप उपक्रमात परिस्थिती मानलेली असते, काम मात्र खरं असतं. केन जोन्स यांनी १९८२च्या ‘सिम्युलेशन्स इन लँग्वेज टीचिंग’ या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला. त्यांच्या ‘रेडिओ कव्हिंगहॅम’ या उपक्रमात विद्यार्थी पत्रकार होतात. काय घ्यायचं, काय गाळायचं हे आपसात ठरवून वेळेत बातम्यांचा कार्यक्रम उभा करायचा. तिथे पत्रकाराची नुसती ऐट चालत नाही, संपादन करावंच लागतं. शिकण्याची ओढ त्या निकडीतून येते.

‘आधी भाषा यायला हवी, मग हे सगळं.’ हा समज मुलांचं सर्वांत जास्त नुकसान करतो. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे घरी मराठी न बोलणारी मुलंही ती शिकतात. अशा मुलांच्या सातवीच्या वर्गात सोसायटीची सभा भरवून बघा. टाकी दुपारीच रिकामी होते. टँकर मागवायचा की पाण्याच्या वेळा बांधायच्या? एकाच्या हातात टँकरचं बिल, दुसरीकडे चौथ्या मजल्यावरच्या आजींची तक्रार, तिसऱ्याकडे प्लंबरची चिठ्ठी. पूर्ण माहिती कुणाकडेच नाही, त्यामुळे एकमेकांना विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘मला हे मान्य नाही’, ‘खर्च कोण करणार?’ अशी पाच-सहा वाक्यं आधी फळ्यावर लिहावीत. मग भाषेत कच्चं असलेलं मूलही आपलं बिल पुढे करून बोलू लागतं.

‘चुका तशाच राहतात’ ही भीती मात्र अगदीच निराधार नाही. सभा चालू असताना शिक्षकाने मध्ये टोकू नये. मागे बसून चुका वहीत टिपाव्यात आणि शेवटी सगळ्यांसोबत त्या तपासाव्यात. घाईत नेमका हाच भाग गाळला जातो. त्यासाठी तासातली शेवटची दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवाच.

राहिला प्रश्न वेळेचा. छोटी सभा एका तासात आटपते. फ्रान्समध्ये फ्रान्सिस देबिझेर यांनी मात्र अख्खी इमारतच वर्गात उभी केली. फ्रेंच शिकणारे विद्यार्थी त्या इमारतीतले रहिवासी, त्यांची घरं, त्यांची भांडणं स्वतः रचतात. असा उपक्रम कित्येक आठवडे चालतो आणि रहिवाशांच्या पत्रांतून, तक्रारींतून लेखनाचा सरावही होत जातो.