ईक्वल ते इक्वॉलिटी : जोर कोठे द्यावा?

आपली मुले इंग्रजी वाचतात, परंतु मुलाखतीत बोलायची वेळ आली की घुटमळतात. उच्चार चुकेल, लोक हसतील, ही भीती असते. ती घालवण्यासाठी थोडे नियम पुरेत. पालकांनी ते मुलांसोबत बसून वाचावेत.

मराठीत 'सम'ला 'ता' लावली की 'समता' होते, 'शहाणा'पासून 'शहाणपण' होते. ही भाववाचक नामे. इंग्रजीतही प्रत्यय लावून ती होतात. फरक एवढाच की, मराठीत आपण सगळी अक्षरे साधारण सारख्या जोराने बोलतो, तर इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि प्रत्यय लागला की तो पुष्कळदा जागा बदलतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली नागपूरच्या परिषदेत दिलेला संदेश घ्या : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. तिन्ही क्रियापदांत जोर पहिल्या अक्षरावर आहे. आता नामे करा : एज्युकेशन, ॲजिटेशन, ऑर्गनायझेशन. येथे जोर अनुक्रमे 'के', 'टे' आणि 'झे'वर गेला. म्हणजे 'शन'च्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर द्यावा.

'इटी'चाही नियम हाच. 'ईक्वल'मध्ये जोर 'ई'वर, 'इक्वॉलिटी'मध्ये 'क्वॉ'वर. संविधानाच्या प्रास्ताविकेतील 'फ्रॅटर्निटी'त जोर 'टर्'वर, 'डिग्निटी'त 'डिग्'वर. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तेथे आलेल्या 'इंटेग्रिटी'त तो 'टे'वर.

'नेस', 'शिप', 'हूड' हे प्रत्यय मात्र जोर हलवीत नाहीत. 'हॅपी'चे 'हॅपीनेस' झाले तरी जोर 'हॅ'वरच राहतो. फक्त लिहिताना 'वाय'च्या जागी 'आय' येतो. बोलताना 'नेस' लांबवू नये, हलकेच 'नस'सारखे म्हणावे. फ्रेंडशिप, चाइल्डहूड हे शब्दही असेच.

एक सावधगिरी ठेवावी. कोणताही प्रत्यय कोठेही लागत नाही. 'काइंड'चे 'काइंडनेस' होते, 'काइंडिटी' होत नाही. शंका आली की शब्दकोश उघडावा. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी शब्दकोशात जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते, ती पाहावी.

रोज रात्री जेवणानंतर मुलांनी पाच जोड्या वहीत लिहून मोठ्याने म्हणाव्यात. आई-वडिलांना इंग्रजी येत नसले तरी जोर बदलला की नाही, हे कानाला कळते. शुद्ध उच्चार ही कोणाची जहागीर नाही. तो सरावाने येतो.