पुंजण्यावरची ताडपत्री

दिवाळीच्या आसपास गोंदिया जिल्ह्यात हलका धान कापणीला येतो आणि मागोमाग भारी धान. कापलेला धान दोन-चार दिवस बांधीतच, म्हणजे बांध घातलेल्या शेतातच, कडपा म्हणून पसरलेला राहतो. तो वाळला की भारे बांधायचे, भारे वाहून उंचवट्यावर आणायचे आणि मळणीची पाळी येईपर्यंत त्यांचा ढीग, म्हणजे पुंजणे, रचून ठेवायचे. गावात मळणी यंत्र एखाद-दुसरे, वाट पाहणारी घरे मात्र वीस-पंचवीस. मजूरही सगळ्यांना त्याच आठवड्यात हवे असतात. त्यामुळे वर्षभराची कमाई पंधरा दिवस, कधी महिनाभर आकाशाखाली उभी असते.

हे आकाश हिवाळ्यात भरवशाचे नसते. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठले की त्याचे ढग आंध्र-ओडिशा ओलांडून झाडीपट्टीपर्यंत, म्हणजे पूर्व विदर्भापर्यंत, पोहोचतात. ५ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग चक्रीवादळ आंध्र प्रदेशात बापटलाजवळ किनाऱ्यावर आले आणि पूर्व विदर्भात ऐन पुंजण्यांच्या दिवसांत पाऊस झाला. अशा वेळी एकच धावपळ होते. कोणी घरातली जुनी ताडपत्री ओढून काढतो, कोणी बाजारात जाऊन पहिली दिसेल ती निळी घेऊन येतो. घाईत घेतलेली ती निळी पुढच्या कापणीपर्यंत बहुधा टिकत नाही. म्हणून ताडपत्री कशी पारखायची आणि कशी अंथरायची, हे निवांतपणे समजून घेतलेले बरे.

हा शब्द मुळात समुद्रावरचा आहे. जहाजावरचा माल भिजू नये म्हणून खलाशी जाड कापडाला डांबर चोळत. डांबर म्हणजे इंग्रजीत टार, त्यावरून टारपॉलिन, आणि आपल्या तोंडात तिची ताडपत्री झाली. ताडाच्या पानाशी तिचा संबंध नाही. डांबराची जागा पुढे मेण लावलेल्या सुती कॅनव्हासने घेतली. जुन्या मालवाहू ट्रकांवरची खाकी-हिरवी जड ताडपत्री ती हीच. तिच्यातून हवा थोडी खेळते, हा तिचा मोठा गुण. पण ती जड असते, महाग असते आणि ओली गुंडाळून ठेवली तर कुजते.

आज बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतात. पहिली विणलेली. प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या उभ्या-आडव्या विणून त्यावर दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवतात. उन्हाकडे धरली की विणीच्या चौकटी दिसतात. हिच्यासाठी भारतीय मानक आहे आयएस ७९०३. दुसरी जात एकावर एक तिरपे थर चिकटवलेल्या फिल्मची. ती गुळगुळीत, हलकी आणि घडीला मऊ असते. थरांची दिशा आडवी-तिडवी असल्याने एका जागी फाटले तरी चीर सहसा लांब धावत नाही. हिचे मानक आयएस १४६११. वेष्टनावर यातला आकडा आणि आयएसआय चिन्ह आहे का, एवढे आधी पाहावे.

त्यानंतर वजन. ताडपत्रीचा कस जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. हा आकडा वेष्टनावर छापलेला असतो, पण तो मानून घेण्याची गरज नाही, कारण दुकानात काटा असतोच. हिशेब सोपा आहे. लांबी-रुंदीचे फूट गुणायचे आणि १०.७६ ने भागायचे, की चौरस मीटर मिळतात. १८ बाय २४ फुटांची ताडपत्री म्हणजे ४३२ चौरस फूट, म्हणजे साधारण ४० चौरस मीटर. ती २०० जीएसएमची असेल तर ८ किलो भरायला हवी. काट्यावर ५ किलोच भरली, तर १२५ जीएसएमचा माल २०० च्या नावाने तुमच्या हाती येत आहे. रंग, चमक, छापील नाव यांपैकी कशावरूनही हे कळत नाही.

काही दुकानदार जीएसएमऐवजी मायक्रॉन सांगतात. ती जाडी झाली. सलग फिल्मला जाडीवरून वजन काढता येते: २५० मायक्रॉनची पॉलिथिन फिल्म चौरस मीटरला २३० ग्रॅमच्या आसपास भरते. विणलेल्या ताडपत्रीला मात्र हे गणित लागू पडत नाही, कारण पट्टीवर पट्टी येते तिथे जाडी जास्त आणि मधल्या जागी कमी. तिथे वजनच विचारावे. भारतीय अन्न महामंडळ उघड्या ओट्यावर पोत्यांच्या थप्प्या झाकते, तेव्हा २५० मायक्रॉनची काळी पॉलिथिन वापरते आणि वरून नायलॉनच्या दोऱ्या आवळते. पुंजण्यावर एका हंगामासाठी २०० जीएसएम पुरते. तीन-चार हंगाम काढायचे असतील तर २५० घ्यावी, असे माझे मत आहे. १०० च्या आतली ताडपत्री एखाद्या रात्रीच्या कामाची, पुंजण्यावरची नव्हे.

ताडपत्रीला पावसापेक्षा ऊन लवकर मारते. उन्हातले अतिनील किरण पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात. वस्तू बाहेरून धड दिसते, पण हात लावला की पापडासारखी तुटते. हे लांबवण्यासाठी कारखान्यात त्यात अतिनील-रोधक द्रव्य मिसळतात, वेष्टनावर ‘यूव्ही’ म्हणून लिहिलेले असते ते हेच. काळ्या मालात काजळी असते आणि काजळी स्वतःच हे किरण अडवते, म्हणून काळी जास्त टिकते. पण ती दिवसा तापतेही जास्त. बाहेरून पांढरी किंवा चंदेरी आणि आतून काळी अशी दुरंगी मिळाली तर धानासाठी ती उत्तम.

मग कडा तपासा. ताडपत्री मधोमध क्वचित फाटते, ती जाते कडेला आणि सांध्याला. काठ दुमडून आत दोरी घातलेली हवी. सांधे उष्णतेने चिकटवलेले हवेत, नुसते शिवलेले नकोत, कारण सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपते. दोरी ओवायच्या धातूच्या कड्या साधारण दर तीन फुटांवर असाव्यात आणि तिथे कापड दुहेरी असावे. एका कडीत बोट घालून जोरात ओढून पाहा. ताडपत्री उघडून सूर्याकडे धरा आणि आरपार टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का ते बघा. एक कोपरा पाच-सहा वेळा चुरगाळून सोडा. थर सुटून पापुद्रे निघाले तर ती परत ठेवावी.

माप पुंजण्यावरून घ्यायचे, अंदाजाने नाही. एक दोरी पुंजण्यावरून पलीकडे टाका, दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीपर्यंत आणा आणि मोजा. तेवढे माप पुरे. जमिनीपर्यंत लोळणारी ताडपत्री घेणे हा पैशाचा अपव्यय आहेच, शिवाय धानाचे नुकसानही आहे.

ते कसे, हे नीट पाहू, कारण सगळ्यात जास्त धान इथे बिघडतो. पुंजण्याला पाणी दोन वाटांनी लागते. एक पाऊस. दुसरे खुद्द धानातले. कडपा पुरता वाळला नसेल तर भाऱ्यांत ओल असते. ओला दाणा श्वास घेतो, त्यातून ऊब आणि वाफ निघते. ही वाफ वर चढते. गोंदियाची थंडी विदर्भात नावाजलेली आहे, पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि ताडपत्री गार पडते. मग भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलल्यावर आतून जसे थेंब ओघळतात, तसेच इथे होते. थेंब वरच्या भाऱ्यांवर पडतात. दिवसा ऊन, रात्री थेंब, असे आठ दिवस गेले की लोंब्यांना बुरशी येते, दाणा पिवळा पडतो, कोंब फुटतात. पावसाचा एक थेंब न पडताही धान पाखड, म्हणजे रंग बिघडलेला, होतो. आमच्या गावात चारी बाजूंनी जमिनीपर्यंत गच्च आवळलेले पुंजणे मी उघडताना पाहिले आहे. आतून वाफ आली आणि आंबूस वासाने माणसे मागे सरली.

म्हणून झाकण्याआधी पुंजणे नीट रचलेले हवे. खाली दगड किंवा लाकडी ओंडके, त्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा. भाऱ्यांच्या लोंब्या आतल्या बाजूला आणि बुंधे बाहेर. माथा टोकदार. सपाट माथ्यावर ताडपत्रीला खळगा पडतो, आणि एका चौरस मीटरच्या खळग्यात एक इंच पाणी साचले तरी वजन २५ किलो होते. ताडपत्री तिथेच ताणून फाटते. माथ्यावर आधी तणसाचा जाड थर घाला आणि त्यावर ताडपत्री. तणस थेंब शोषून घेते आणि हवेला वाटही ठेवते. बाजू खालून मोकळ्या सोडा.

दोऱ्या खुंट्यांना करकचून बांधण्यापेक्षा त्यांना विटा किंवा वाळूच्या पिशव्या लटकवणे चांगले. पुंजणे हळूहळू बसते, तेव्हा खुंटीची दोरी सैल पडते आणि ताडपत्री वाऱ्यात फडफडून कड्या उपटते. लटकते वजन आपोआप ताण धरून ठेवते. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी दहाच्या सुमारास, दव उडाल्यावर, ताडपत्री काढा आणि संध्याकाळी पुन्हा घाला. महामंडळाच्या थप्प्यांनाही अशीच हवा देतात. आत ऊब धरली आहे का, हे पाहायला एक लोखंडी सळई पुंजण्यात खोल खुपसून अर्धा तास ठेवा. बाहेर काढल्यावर हाताला गरम लागली तर पुंजणे मोडून भारे पुन्हा पसरण्यावाचून इलाज नाही.

  

मळणी झाली की ताडपत्री धसकटांवरून ओढत नेऊ नका. धुवा, दोन्ही बाजूंनी वाळवा आणि घडी करून उंदरांपासून दूर, सावलीत ठेवा. उन्हाळाभर छपरावर पडलेली ताडपत्री पुढच्या दिवाळीला कामाची राहत नाही.

खरेदी केंद्रावर धानाची ओल १७ टक्क्यांच्या आत असावी लागते. पोते तिथे पोहोचेपर्यंत तो आकडा तुमच्या पुंजण्यावर ठरलेला असतो. यंदा कापणीच्या आधीच, दसऱ्याच्या सुमारास, ताडपत्री घ्यायला जा आणि दुकानात सर्वांत आधी काटा मागा.